हापूसचे कलम आणि इंग्रजीचा शब्दसंग्रह

रत्नागिरीच्या आंबा बागेत वाढलेला मुलगा कोय कलम आणि भेट कलम यांतील फरक पाहून पाहूनच शिकतो. खुंट कसा असावा, काडी कोणत्या झाडाची घ्यावी, हे त्याला घरीच कळते. हाच मुलगा पुढे कृषी पदवीचा विद्यार्थी होऊन इंग्रजी ग्रंथ उघडतो, तेव्हा मात्र ‘ग्राफ्ट’, ‘सायन’, ‘रूटस्टॉक’ या शब्दांपाशी अडखळतो. ज्ञान त्याच्याजवळ असते. त्या ज्ञानाचे इंग्रजी नाव नसते. पुष्कळदा ही उणीव बुद्धीची उणीव समजली जाते आणि विद्यार्थी मागे पडतो. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी विषय शिकविला जातो. परंतु व्यवहारापुरती इंग्रजी येणे आणि उच्च शिक्षणास पुरेल इतका शब्दसंग्रह असणे या भिन्न गोष्टी होत.

जांभ्यापासून प्रारंभ

नुसत्या याद्या पाठ करून मिळविलेले शब्द लवकर विसरले जातात. परिचित वस्तूशी जोडलेले शब्द टिकतात. कोकणातील घरे ज्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी बांधली जातात, त्यास इंग्रजीत ‘लॅटराइट’ म्हणतात. फ्रान्सिस ब्यूकॅनन यांनी मलबारच्या प्रवासात हा दगड विटांसारखा कापून काढला जात असल्याचे पाहिले आणि १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तान्तात, वीट या अर्थाच्या ‘लेटर’ या लॅटिन शब्दावरून त्यास हे नाव दिले. चिरेखाण पाहिलेल्या विद्यार्थ्याच्या मनातून हा शब्द सहसा पुसला जाणार नाही.

शब्दांची कुळे

‘ग्राफ्ट’ या शब्दाची कथा अधिक उद्बोधक आहे. त्याचे मूळ ग्रीक भाषेतील लेखणीवाचक शब्दात आहे. कलमासाठी तासलेली काडी लेखणीच्या टोकासारखी दिसते. मराठीत अरबी-फारसीतून आलेला ‘कलम’ हा शब्दही मुळात लेखणीचाच वाचक होय. ‘लिहिणे’ या अर्थाच्या त्याच ग्रीक धातूपासून ‘जिऑग्राफी’, ‘बायोग्राफी’, ‘ऑटोग्राफ’, ‘पॅराग्राफ’ हे शब्द सिद्ध झाले. लेख, लेखक, लेखणी, आलेख, शिलालेख हे मराठीतील कूळ ज्यास उमगले, त्यास इंग्रजीतील हे कूळ कठीण वाटू नये. एका मुळाबरोबर अनेक शब्द हाती येतात.

अर्थ संदर्भातून

तथापि एक अर्थ कळला म्हणजे शब्द पूर्ण कळला असे नव्हे. शस्त्रक्रियेच्या संदर्भात ‘ग्राफ्ट’ म्हणजे रोपण केलेली त्वचा, तर वृत्तपत्रात त्याचा अर्थ लाचलुचपत असा होतो. ‘सायन’ म्हणजे बागेत कलमाची काडी; चरित्रग्रंथात मात्र घराण्याचा वंशज. ‘स्टॉक’ हा शब्द झाडाचा खुंट, दुकानातील माल आणि कंपनीचे भागभांडवल या तिन्ही अर्थांनी वापरला जातो. म्हणून नवा शब्द पूर्ण वाक्यासह वहीत उतरवावा आणि पुढे स्वतःच्या वाक्यात योजावा, हे उत्तम.

‘दर्पण’चा धडा

ही दृष्टी कोकणास नवी नाही. देवगड तालुका १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होता. त्या तालुक्यातील पोंभुर्ले येथील बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी-शेजारी दोन स्तंभांत छापला जाई. वाचकास एका भाषेचा आधार घेऊन दुसरीत प्रवेश करता येई.

आजच्या शाळेतही असे दोन स्तंभांचे भित्तिपत्रक सहज काढता येईल. आंबा, मासेमारी, खाडी, पर्जन्यमान हे त्याचे विषय असावेत. ग्रामपंचायतींनी गावच्या वाचनालयात चांगला इंग्रजी-मराठी शब्दकोश आणि भाषा संचालनालयाचे कृषी, भूगोल इत्यादी विषयांचे परिभाषा कोश ठेवल्यास शिक्षक व विद्यार्थी या दोघांचीही सोय होईल. मराठीचा त्याग करून इंग्रजी समृद्ध होते, हा समज निराधार आहे. खुंट सशक्त असेल तरच कलम जीव धरते, हे बागायतदारांच्या जिल्ह्यास निराळे सांगावयास नको.