नुसतं जवळ बसणं

अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात, एका सार्वजनिक रुग्णालयात, पहिलटकरणींवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष १९९१ मध्ये छापून आले. एका गटातल्या प्रत्येकीजवळ, दाखल झाल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत, एक बाई बसून राहिली. ती हात धरायची, कंबर दाबून द्यायची, आता काय चाललंय ते समजावून सांगायची. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकीपाशीही एक बाई होती, पण ती पलंगापासून दूर बसून फक्त नोंदी करायची. कळा देणाऱ्या बाईशी एक शब्दही बोलायचा नाही, असं तिला बजावलेलं होतं. तुलनेसाठी तिसरा गट होता, त्यांच्यापाशी असं कुणीच नव्हतं.

कुणीच जवळ नसलेल्यांमध्ये १८ टक्के सिझेरियन झाली. सोबत मिळालेल्यांमध्ये ८ टक्के. आणि जिच्यापाशी ती अबोल बाई नुसती बसून होती, त्या गटात १३ टक्के! नैसर्गिक प्रसूती झालेल्यांपैकी किती जणींना वेदना बधिर करणारं एपिड्युरलचं इंजेक्शन लागलं, तेही याच क्रमाने पाहा: सुमारे ५५, ८ आणि २३ टक्के. तिसरा गट प्रसूतीनंतर निवडलेला होता, त्यामुळे त्याच्याशी केलेल्या तुलनेवर फार भार टाकू नये. तरीही हे आकडे मला पुन्हा पुन्हा थांबवतात. औषध नाही, यंत्र नाही, शब्दसुद्धा नाही. नुसतं कुणीतरी आहे, एवढ्याने काय बदलत असेल?

प्रयोग करणाऱ्यांमध्ये जॉन केनेल आणि मार्शल क्लाऊस हे दोघे बालरोगतज्ज्ञ होते. त्याआधी ग्वाटेमालातल्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांनी असंच पाहिलं होतं. तिथे नातेवाइकांना प्रसूतिकक्षात येऊ देत नसत. कळा देणारीजवळ एक साधी, प्रशिक्षण नसलेली, तिला अगदी अनोळखी बाई बसवली. गुंतागुंत न झालेल्या ४० जणींची तुलना १९८० मध्ये प्रसिद्ध झाली: एकटीला दाखल झाल्यापासून बाळंत होईपर्यंत सरासरी १९ तासांहून जास्त लागले, सोबत असलेलीला ९ तासांच्या आत. सोबत मिळालेल्या आया नंतर जास्त जाग्या होत्या, बाळाला जास्त कुरवाळत होत्या, त्याच्याशी जास्त बोलत होत्या. या सोबतीणीला आज जगभर डूला म्हणतात.

हे घडत असावं ते शरीराच्या एका विलक्षण रचनेमुळे. आपल्या शरीरातल्या बहुतेक व्यवस्था स्वतःला आवर घालतात. अंग तापलं की घाम येऊन ते थंड होतं. प्रसूती याच्या उलट चालते. बाळाच्या डोक्याचा दाब गर्भाशयाच्या मुखावर आला की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं. त्याने कळ येते, कळ डोकं आणखी खाली ढकलते, दाब वाढतो आणि पुन्हा ऑक्सिटोसिन सुटतं. बाळ बाहेर येईपर्यंत हे वाढतच जातं. पण भीतीने ॲड्रेनॅलिन उसळलं तर चक्र अडखळू शकतं, कारण गर्भाशयाच्या स्नायूला ॲड्रेनॅलिन सैल करतं. अवेळी सुरू झालेल्या कळा थांबवण्यासाठी डॉक्टर जी काही औषधं वापरतात, ती स्नायूतल्या याच बटणावर बोट ठेवतात. म्हणजे घाबरलेल्या बाईच्या कळा मंदावल्या, तर तो तिचा दुबळेपणा नव्हे. आणि शांत बसलेलं माणूस जवळ असणं हेही एका अर्थी शरीरात पोहोचणारं काम आहे.

प्रशिक्षित डूलाचं काम आधीच्या महिन्यांतच सुरू होतं. ती घरी येते, काय हवं आणि कशाची धास्ती वाटते ते नवरा-बायको दोघांकडून ऐकून घेते. कळा सुरू झाल्या की चालवते, मोठ्या चेंडूवर बसवते, कुशीवर वळवते. उभं राहिल्याने आणि चालण्याने प्रसूतीचा पहिला टप्पा सरासरी तासाभराहून जास्त आखडतो, हे अनेक चाचण्यांमधून दिसलं आहे. बाळाच्या डोक्याची मागची बाजू आईच्या पाठीकडे असली तर कळा कमरेत येतात. तेव्हा ती तळहाताने माकडहाडाच्या वरचं रुंद हाड जोर लावून दाबून धरते. गोंधळलेल्या नवऱ्याला हात कुठे ठेवायचा ते दाखवते. तो बाजूला पडत नाही, उलट त्याला करायला काहीतरी मिळतं. आतून तपासणं, बाळाचे ठोके मोजणं, औषध देणं यातलं ती काहीही करत नाही, करूही नये. रक्तस्राव झाला किंवा बाळाचे ठोके घसरले तर तिथे डॉक्टर आणि परिचारिकाच हव्यात. सिझेरियनचा निर्णय झाला तरी तिचं काम संपत नाही; उलट तेव्हा तिची गरज वाढते.

ग्वाटेमालाच्या आकड्यांनी भारावून जाऊ नये, हेही सांगायला हवं. १७ देशांतल्या १५ हजारांहून जास्त बायकांवरच्या २६ चाचण्यांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये आला, तेव्हा वाचलेला वेळ सरासरी ४० मिनिटांच्या आसपास निघाला. पण सिझेरियन कमी, वेदनाशामकं कमी, प्रसूतीची कडू आठवण कमी, आणि अपाय काहीच आढळला नाही. वैद्यकात इतका निर्धोक उपाय क्वचित सापडतो.

आपल्याकडे माहेरी बाळंतपण व्हायचं तेव्हा हे कुणाला मुद्दाम शिकवावं लागत नसे. सुईण बाळ घ्यायची. आई, मावशी, काकू उशापायथ्याशी असायच्या. प्रसूती दवाखान्यात गेली आणि त्याने असंख्य आया आणि बाळं वाचली, यात शंकाच नाही. पण त्या दारात उशाशी बसणारी बाई बाहेर राहिली. ती डूलाच असायला हवी, असंही नाही. बोट्सवानात पहिलटकरणींजवळ त्यांच्या घरातलीच बाई राहू दिली, तेव्हाही नैसर्गिक प्रसूती वाढल्या आणि औषधं कमी लागली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रत्येकीला तिच्या पसंतीचं माणूस जवळ ठेवू देण्याची शिफारस केली. भारत सरकारच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू देण्याचा आग्रह आहे.

हा अनुभव किती खोल जातो, ते सिएटलच्या पेनी सिमकिन यांनी दाखवलं. बाळंतपणानंतर लगेच लिहून ठेवलेल्या हकिकती त्यांनी त्याच बायकांच्या १५ ते २० वर्षांनंतरच्या आठवणींशी ताडून पाहिल्या. आठवणी थक्क करण्याइतक्या ताज्या होत्या. डॉक्टर किंवा परिचारिका काय बोलल्या आणि कशा वागल्या, हे त्यांना इतक्या वर्षांनीही नेमकं आठवत होतं.

म्हणून रुग्णालयात नाव नोंदवतानाच विचारून घ्या: कळांच्या खोलीत सोबत कुणाला येऊ देता, अगदी शेवटपर्यंत थांबू देता का, शस्त्रक्रिया झाली तर काय? काही ठिकाणी एकालाच परवानगी असते. नवरा, आई की डूला, हे मग आधी घरात ठरवायला हवं, आणि ते जिला कळा येणार आहेत तिनेच ठरवावं.