तिकिटावर नाव एकाचं, विमान उडवणार दुसराच

दिवाळीत कोलार रोडला मावशीकडे फराळाला गेलो होतो. माझा मावसभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, कमर्शियल पायलट लायसन्स घेऊन आला त्याला दीड वर्ष झालं. दोनशे तासांचं उड्डाण, डोक्यावर कर्ज, सगळ्या परीक्षा पास, नोकरी तेवढी नव्हती. त्या दिवशी त्याला एका छोट्या विमान कंपनीचा मेल आला होता. मावशीने लगेच पेढे आणायला पिटाळलं. काकांनी मात्र मेल दोनदा वाचला. त्यात एक ओळ होती: गरजेप्रमाणे 'भागीदार एअरलाइन'च्या फेऱ्यांवरही काम करावं लागेल.

काका एका मोठ्या कारखान्यातून रिटायर झालेत. एकाच मशीनवर पक्का कामगार आणि ठेक्याचा कामगार शेजारी-शेजारी उभे राहतात आणि महिन्याच्या शेवटी दोघांच्या हातात वेगवेगळे आकडे पडतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं बघितलंय. ते एवढंच म्हणाले, "विमानावर नाव कुणाचं असणार? आणि पगाराच्या स्लिपवर कुणाचं?"

दादा हसला. "काका, पायलट म्हणजे काय ठेक्याचा मजूर आहे का?"

मलाही तेव्हा हसू आलं होतं. नंतर थोडं वाचलं, तेव्हा कळलं की काकांच्या प्रश्नावर अमेरिकेतले वैमानिक गेली तीस-पस्तीस वर्षं भांडतायत. आणि आपल्याकडेही हे भांडण आहेच, फक्त त्याचं नाव वेगळं.

'स्कोप' म्हणजे काय?

अमेरिकेत १९७८ साली विमान वाहतुकीवरचं सरकारी नियंत्रण उठलं. कुठे उडायचं आणि भाडं किती घ्यायचं, हे कंपन्या स्वतः ठरवू लागल्या. मोठ्या कंपन्यांच्या लक्षात आलं की छोट्या शहरातून चाळीस-पन्नास प्रवासी आणायला मोठं विमान आणि मोठ्या पगाराचा वैमानिक परवडत नाही. मग त्यांनी छोट्या प्रादेशिक कंपन्यांशी करार केले. विमानावर रंग मोठ्या कंपनीचा, तिकीट मोठ्या कंपनीचं, पण वैमानिक, हवाई सुंदरी आणि मेकॅनिक छोट्या कंपनीचे.

मोठ्या कंपन्यांतले वैमानिक सावध झाले. आज पन्नास सीट बाहेर दिल्या, उद्या शंभर देतील, परवा आपलं काय? म्हणून युनियनने कंपनीबरोबरच्या करारात एक कलम घालून घेतलं. कंपनीच्या नावाने होणारं उड्डाण कंपनीच्याच ज्येष्ठता यादीतले वैमानिक करतील, हा नियम. बाहेर काय देता येईल, हा अपवाद, आणि त्या अपवादाला मोजमाप: किती सीटचं विमान, किती वजनाचं, अशी किती विमानं. या कलमाला तिथे 'स्कोप क्लॉज' म्हणतात. आपण त्याला कामाची हद्द म्हणू.

ज्येष्ठता यादी म्हणजे काय, तेही सांगायला हवं. वैमानिकाचं बरंचसं आयुष्य या यादीतल्या नंबरावर चालतं. कॅप्टन कधी होणार, कुठलं विमान मिळणार, कुठल्या शहरात राहणार, दिवाळीला घरी असणार की आकाशात, हे सगळं त्यावर ठरतं. आणि कंपनी बदलली की वीस वर्षांचा अनुभव असला तरी नव्या कंपनीत सगळ्यात खालून सुरुवात. म्हणून काम बाहेर गेलं की वैमानिकाला नुसतं त्याच्यामागे जाता येत नाही. गेला तर नंबर जातो.

शहात्तर सीटची रेघ

२००१ नंतर अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या एकामागून एक दिवाळखोरीच्या कोर्टात गेल्या. २००२ मध्ये युनायटेड, २००५ मध्ये डेल्टा, २०११ मध्ये अमेरिकन. तेव्हा युनियनला पगारही सोडावा लागला आणि हद्दही सैल करावी लागली. पन्नास सीटची रेघ सत्तरवर आणि मग शहात्तरवर सरकली. आज तिन्ही मोठ्या कंपन्यांत बाहेर देता येणाऱ्या विमानाची कमाल मर्यादा साधारण अशी आहे: ७६ सीट आणि ८६,००० पौंड वजन, म्हणजे सुमारे ३९ टन.

करारातली एक ओळ कारखान्यांवरसुद्धा कसं राज्य करते बघा. ब्राझीलच्या एम्ब्रेअरने आपल्या ई-१७५ विमानाचं नवं, कमी इंधन खाणारं मॉडेल तयार केलं. पण त्याची इंजिनं जड. विमान ३९ टनांच्या रेघेच्या पाच टनांहून जास्त वर गेलं, आणि अमेरिकेतल्या प्रादेशिक कंपन्यांना ते घेताच येईना. २०२२ मध्ये एम्ब्रेअरने ते काम थांबवून ठेवलं. जपानच्या मित्सुबिशीचं विमान २०२३ मध्ये कायमचं बंद झालं. त्याच्या अनेक अडचणींपैकी ही हद्द एक होती. उलट युनायटेडने सत्तर सीटच्या विमानातून वीस सीट काढून पन्नास सीटचं विमान करून घेतलं, कारण पन्नास सीटच्या गटात करारात जागा होती. विमान तेवढंच, सीट कमी. प्रवाशाला पाय पसरायला जागा मिळाली ती वैमानिकांच्या भांडणामुळे!

बफेलोची रात्र

इथवर हे दोन गटांचं पगाराचं भांडण वाटेल. पण १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नेवार्कहून बफेलोला जाणारं एक विमान उतरण्याआधी कोसळलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, अशी ५० माणसं गेली. प्रवाशांनी तिकीट काढलं होतं कॉन्टिनेंटलचं. विमान उडवत होती कोलगन एअर.

चौकशीत अपघाताचं मुख्य कारण निघालं ते कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया. वेग कमी झाल्याची सूचना आल्यावर नाक खाली घ्यायच्या ऐवजी त्याने वर ओढलं. पण चौकशीने आणखीही काही बाहेर आणलं. सह-वैमानिक मुलगी आदल्या रात्री सिएटलहून, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाहून, विमानाने ड्यूटीवर आली होती. तिचा वर्षाचा पगार सुमारे १६,००० डॉलर होता, असं सुनावणीत पुढे आलं. थकव्याने दोघांच्या कामावर परिणाम झाला असावा, पण तो नेमका किती हे ठरवता येत नाही, असं तपास मंडळाने लिहिलं.

मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा केला आणि २०१० मध्ये कायदा झाला. विमान प्रत्यक्षात कोण उडवणार, हे तिकीट विकतानाच सांगणं सक्तीचं झालं. २०१३ पासून सह-वैमानिकालाही साधारण १५०० तासांच्या उड्डाणाची अट आली. मग प्रादेशिक कंपन्यांना वैमानिक मिळेनात. त्यांना पगार बरेच वाढवावे लागले, आणि पगार वाढल्यावर बऱ्याच छोट्या गावांची सेवा बंद झाली. म्हणजे एक गाठ सोडवायला जावं तर दुसरी बसते.

वैमानिकांमध्ये खरा वाद इथेच आहे. एक गट म्हणतो, हद्द आवळा. बाहेर दिलेलं प्रत्येक उड्डाण म्हणजे एक चांगली नोकरी कमी आणि एक स्वस्त नोकरी जास्त. दुसरा गट म्हणतो, या छोट्या कंपन्याच तर पहिली पायरी आहेत. पायरीच तोडली तर नवीन मुलं चढणार कुठून? आणि गंमत अशी की, अमेरिकेत एकच मोठी संघटना डेल्टा-युनायटेडच्या वैमानिकांचीही आहे आणि अनेक प्रादेशिक कंपन्यांतल्या वैमानिकांचीही. हद्द आवळली तर एका सभासदाचं भलं, दुसऱ्याची वाट अडते.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे अलायन्स एअर. १९९६ मध्ये इंडियन एअरलाइन्सची उपकंपनी म्हणून ती सुरू झाली. पुढे छोट्या शहरांसाठी एटीआर ही पंख्याची विमानं तिच्याकडे आली. 'उडान' योजनेतलं पहिलं विमान, २७ एप्रिल २०१७ चं शिमला-दिल्ली, तिचंच होतं. बरीच वर्षं तिच्या फेऱ्यांना एअर इंडियाचे नंबर होते. म्हणजे तिकिटावर एअर इंडिया, दारात अलायन्स. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, अलायन्स सरकारकडेच राहिली, आणि त्याच एप्रिलपासून तिला स्वतःचे नंबर मिळाले.

'हे विमान कुणाचं' यावरचं आपल्याकडचं मोठं भांडण मात्र घरातल्या घरात झालं. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या, पण वैमानिकांच्या संघटना दोन राहिल्या. २०११ मध्ये जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान पगारासाठी संप केला. २०१२ मध्ये नवं ड्रीमलायनर येणार होतं तेव्हा जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी संप केला. त्यांचं म्हणणं, या विमानाचं प्रशिक्षण आमच्याच लोकांना द्या. तो संप ५८ दिवस चालला. प्रश्न तोच, हद्दीचा.

आता हा प्रश्न परदेशी विमानांच्या रूपाने येतोय. इंडिगोने तुर्की एअरलाइन्सची आणि नॉर्स या नॉर्वेच्या कंपनीची मोठी विमानं वैमानिकांसकट भाड्याने घेतली. आपल्या वैमानिकांच्या संघटनेने त्यावर आक्षेप घेतला: देशात मुलं लायसन्स घेऊन बसलीत आणि कॉकपिटमध्ये बाहेरचे. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे समजायला सोपं जाईल. भाड्याच्या 'शिवशाही' गाडीत कंडक्टर एसटीचा आणि ड्रायव्हर खासगी मालकाचा, तसंच हे. आणि आम्हा मध्य प्रदेशवाल्यांनी तर शेवटचा अंकही पाहिलाय. इथे महामंडळाच्या नावाने खासगी 'अनुबंधित' बसेस धावायच्या. नंतर महामंडळच बंद झालं.

मग अमेरिकेसारखं कलम आपल्याकडे का नाही? कारण तिथे हद्द ठरते ती युनियनच्या करारात. आपल्याकडे वैमानिक बहुतेक वेळा एकट्याने करारावर सही करतो, आणि हद्दीचं काम कायद्यावर सोडलेलं असतं. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने काही कामांत ठेका बंद करण्याचा अधिकार सरकारला दिला. त्यावरचा एक मोठा खटला एअर इंडियाचाच होता, पण तो साफसफाई करणाऱ्या कामगारांचा. ठेका बंद झाला की त्या कामगारांना कायम करा, असं सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये म्हटलं. २००१ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते फिरवलं: ठेका बंद झाला म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत 'मूळ कामा'साठी ठेका नको असं तत्त्व आहे, पण अपवादांसह. आणि उपकंपनी काढून तिला आख्खा मार्गच देऊन टाकला, तर ते ठेक्याच्या व्याख्येत सहज बसत नाही. तिथे उपयोगी पडतो तो करारच.

तिसराही एक मार्ग आहे. इंडिगोने २०१७ च्या शेवटी छोटी एटीआर विमानं स्वतःच्याच कंपनीत घेतली. आपल्या भोपाळहून रायपूरला जाणारं पंख्याचं विमान आणि मुंबईला जाणारं मोठं एअरबस, दोन्हीचे वैमानिक एकाच कंपनीचे. पगार वेगळे असतील, पण मालक एक, आणि तक्रार कुणाकडे न्यायची हा प्रश्न नाही.

मग भोपाळकराने कुणाच्या बाजूने उभं राहायचं?

प्रामाणिकपणे सांगते, मला उत्तर सोपं वाटत नाही. आपण दिल्ली-मुंबई नाही. इथून थेट विमान हवं असेल तर छोटं विमान आणि कमी खर्च हवा. हद्द फार आवळली तर पहिली फेरी आपलीच कापली जाईल. पण ती फेरी स्वस्त ठेवण्यासाठी कुणाच्या झोपेतून आणि पगारातून किंमत वसूल होतेय, हेही आपण विचारायला नको का? आपल्या कॉलेजांतले 'अतिथी विद्वान' आठवा. वर्गात तोच विषय, तीच मुलं, तीच परीक्षा, फक्त नेमणुकीचं पत्र वेगळं. आपल्याला शिकवणाऱ्यांसाठी जे चुकीचं वाटतं, ते आपल्याला उडवून नेणाऱ्यांसाठी बरोबर कसं?

मला वाटतं, काम बाहेर देणं हेच पाप नाही. बाहेर देताना जबाबदारीही बाहेर टाकणं, हे आहे. नाव ज्याचं, त्याने प्रशिक्षण, विश्रांती आणि किमान पगाराची हमी घ्यावी. आणि प्रवाशाला तिकीट काढतानाच कळावं की विमान कोण उडवणार आहे. पुढच्या वेळी तिकीट काढाल तेव्हा 'ऑपरेटेड बाय' ही बारीक अक्षरातली ओळ जरूर वाचा.

दादाने त्या मेलला तेव्हा होकारही दिला नाही आणि नकारही. काका आणि तो रात्री जेवणानंतर कागद घेऊन बसले आणि तीन प्रश्न लिहून पाठवले. भागीदाराच्या फेरीवर असताना ड्यूटीच्या तासांची आणि विश्रांतीची जबाबदारी कुणाची? त्या कंपनीत पुढे गेलो तर माझी ज्येष्ठता धरणार का? भागीदारी तुटली तर माझी नोकरी राहणार का? दोन प्रश्नांना उत्तर आलं. तिसऱ्याला उत्तर आलं, "सध्या सांगता येणार नाही."

दादाने सही केली. कर्जाचे हप्ते थांबत नाहीत, तो म्हणाला. पण ते तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं काकांनी फाइलला लावून ठेवलीत. पेढे खाल्ले आम्ही. काकांनीही एक खाल्ला, आणि म्हणाले, "हे प्रश्न तू एकट्याने विचारलेस. तुझ्याबरोबर लागलेल्या सगळ्यांनी मिळून विचारले असते, तर तिसऱ्याचंही उत्तर आलं असतं."