न धावलेल्या गाडीची वेळ

मोटारींच्या रॅलीत गाड्या एकदम सुटत नाहीत. ठरावीक अंतरानं एकेक सुटते. नाशिकला झालेल्या 'रॅली ऑफ महाराष्ट्र'मध्येही असंच होतं. ज्याला एकूण कमी वेळ लागला, तो जिंकला.

आता समजा, चंद्रपूर-गडचिरोली रस्त्यावर मूलजवळच्या जंगलात रॅली चालली आहे. १० गाड्या पार झाल्या, अकरावी उलटली. रस्ता बंद! मागच्यांना कोणती वेळ द्यायची? शून्य दिली तर न धावताच त्या जिंकतील. बाद करावं, तर त्यांचा काय दोष?

१९०४ मध्ये स्थापन झालेल्या 'एफआयए' या जागतिक मोटार संघटनेचा नियम सांगतो, की अडकलेल्यांना पंचांनी सर्वांत न्याय्य वाटेल ती वेळ द्यावी. मात्र ज्याच्यामुळे रस्ता अडला, त्याला ही सवलत नाही. नाहीतर मुद्दाम अडवणाऱ्यांचं फावेल!

तुम्हीच पंच व्हा बरं. आधीच्या तिन्ही सारख्याच टप्प्यांत बारावी गाडी पहिलीपेक्षा १० सेकंद मागे होती. या टप्प्यात पहिलीला ९ मिनिटं २० सेकंद लागले. बारावीला किती वेळ द्याल? आणि का?