हाडांना काय हवे?

कोंबडीच्या तंगडीचे एक हाड स्वच्छ धुऊन आठवडाभर सिरक्यात बुडवून ठेवा. मग ते वाकवून पाहा. हाड रबरासारखे वाकेल! सिरक्यातील आम्लामुळे हाडातील कॅल्शियम विरघळून जाते आणि मागे उरते ती प्रथिनांच्या तंतूंची जाळी. म्हणजे हाड केवळ कॅल्शियमचे नसते.

ही जाळी घट्ट बांधली जाण्यासाठी शरीराला तांबे लागते. किती? मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे २ मिलिग्रॅम, म्हणजे साखरेच्या दोन-चार दाण्यांच्या वजनाइतके! हाडांच्या वाढीला जस्त लागते, सांध्यांतील कूर्चेला मँगनीज. यांना सूक्ष्म खनिजे म्हणतात. तीळ, शेंगदाणे, हरभरे, बाजरी, कलेजी अशा रोजच्या पदार्थांतून ती मिळतात. महागड्या टॉनिकची गरज सहसा पडत नाही.

थोडे चांगले, तर पुष्कळ अधिक चांगले, असे तुम्हांला वाटेल. पण फ्लोराइडची गोष्ट ऐका. पाण्यात थोडे फ्लोराइड असले, तर दात कमी किडतात. तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्यात मात्र ते जमिनीखालच्या ग्रॅनाइट खडकातून विहिरींच्या पाण्यात फार उतरते. एका लिटरमध्ये १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेले पाणी पिण्यास योग्य नाही. असे पाणी वर्षानुवर्षे पिऊन तेथील मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडले. कित्येकांचे सांधे आखडले, पाठीचे कणे वाकले. पाणी दिसायला नितळ. संशय कोणाला येणार? ते उकळूनही उपयोग नाही. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटते आणि फ्लोराइडचे प्रमाण वाढते!

यावर नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात एक स्वस्त उपाय शोधला. पाण्यात चुना आणि तुरटी घालून ते ढवळायचे व स्थिर ठेवायचे. गाळाबरोबर बरेचसे फ्लोराइड तळाशी बसते. यालाच ‘नलगोंडा पद्धत’ म्हणतात. पुढे त्या जिल्ह्यात कृष्णा नदीचे पाणीही नळाने आले. वाकलेली हाडे मात्र पुन्हा सरळ होत नाहीत.

आपल्याकडेही चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळले आहे. तुमच्या घरी बोअरचे पाणी पीत असाल, तर ते प्रयोगशाळेत तपासले आहे का, हे ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन विचारा.