विषाणूवाचून जनुकोपचार

मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील अनेक कुळांत आजही टिकून आहे, आणि हिमोफिलियाचा विचार करणाऱ्याला ती दृष्टीआड करता येत नाही. ज्या जनुकांतील दोषामुळे हा रोग उद्भवतो ती ‘एक्स’ गुणसूत्रावर असतात. पुरुषाजवळ हे गुणसूत्र एकच असल्यामुळे रोग बहुधा मुलग्यांत प्रकटतो, स्त्रिया बहुशः वाहक राहतात, आणि रुग्ण पुरुषाची प्रत्येक मुलगी निरपवादपणे वाहक असते. म्हणजे मामा रुग्ण असेल आणि त्याची मुलगी सून म्हणून घरात आली, तर तिच्या पोटी जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाला रोग होण्याचा संभव निम्मा. आणि भाचाही त्याच रोगाने ग्रस्त असेल, तर एरवी बहुतांशी सुरक्षित राहणाऱ्या मुलींनाही तितकेच भय. सोयरिकीच्या बैठकीत मानपान, हुंडा, जमीनजुमला या साऱ्यांची चर्चा होते, पण मुलीच्या बापाचा गुडघा लहानपणापासून का आखडला आहे, हे विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

रक्त गोठण्यासाठी लागणाऱ्या प्रथिनांपैकी आठव्या घटकाचा अभाव म्हणजे हिमोफिलिया ‘ए’, आणि नवव्याचा अभाव म्हणजे ‘बी’. पहिला सुमारे 5,000 मुलग्यांत एकाला होतो. दुसरा त्याहून पुष्कळ विरळा. घटकाचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी असेल, तर मार न लागताही सांध्यात रक्त उतरते, गुडघा आणि कोपर सुजतात, आणि पुनःपुन्हा असे झाले की ऐन तारुण्यात सांधा कायमचा निकामी होतो. यावरचा रूढ इलाज म्हणजे उणा असलेला घटक शिरेवाटे देणे. रुग्णांच्या घरी त्याला ‘फॅक्टर’ एवढेच म्हणतात. परंतु आठवा घटक शरीरात साधारण बारा तासांत निम्मा होत असल्यामुळे, रक्तस्राव होऊच नये अशी तजवीज करायची तर आठवड्यातून दोनतीन वेळा सुई टोचून घ्यावी लागते. आणि किनवट किंवा देगलूरकडच्या शेतमजुराला मुलाला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी येणे म्हणजे दर खेपेस रोजगार बुडवणे होय. एकदाच उपचार करून शरीरालाच घटक निर्माण करायला लावता आला तर किती कुटुंबांचे आयुष्य सावरेल, याची कल्पना यावरून येईल.

तसा मार्ग शास्त्रज्ञांनी काढला, आणि तो विषाणूच्या मदतीने काढला. नवव्या घटकाचे जनुक 1982 मध्ये आणि आठव्याचे 1984 मध्ये प्रयोगशाळेत हाती आले. पुढे निरुपद्रवी केलेल्या ‘एएव्ही’ या विषाणूत निरोगी जनुक घालून ते यकृतापर्यंत पोहोचवता येते आणि नववा घटक निर्माण होतो, हे 2011 मध्ये लंडनच्या वैद्यांनी रुग्णांवर सिद्ध केले. 2022 मध्ये अमेरिकेत या जातीच्या ‘हेमजेनिक्स’ औषधाला मंजुरी मिळाली. त्याची किंमत 35 लाख डॉलर. किमतीइतक्याच गंभीर अशा अडचणी विषाणूच्या स्वभावातच आहेत. पुष्कळांच्या रक्तात त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे आधीच असतात, आणि एकदा मात्रा दिल्यावर ती इतकी वाढतात की दुसरी मात्रा देता येत नाही. शिवाय या विषाणूत जागा अपुरी: डीएनएच्या सुमारे 4,700 अक्षरांपेक्षा लांब मजकूर त्यात मावत नाही, आणि आठव्या घटकाचा मजकूर तर काटछाट केल्यावरही जेमतेम बसतो. वाढत्या मुलाच्या यकृतात पेशी दुणावत जातात आणि बाहेरून आलेले जनुक विरळ होत जाते. त्यामुळे ज्याचे सांधे अजून वाचवता येण्याजोगे आहेत त्या बालकालाच हा उपचार लागू पडत नाही. मला हा दोष सर्वांत मोठा वाटतो.

आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने वेगळा मार्ग धरला, आणि त्याचा वृत्तांत डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. पाच रुग्णांच्या स्वतःच्या मूळपेशी काढून, त्यांत आठव्या घटकाचे जनुक बसवून, त्या परत दिल्यानंतर निरीक्षणाच्या काळात त्या रुग्णांना रक्तस्राव झाला नाही. हे यश अभिमानास्पद आहे. मात्र तिथेही वाहक दुसऱ्या जातीचा विषाणूच आहे, आणि तत्पूर्वी तीव्र औषधांनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते.

विषाणू वगळून हे कार्य साधण्याचा माणसांवरील महत्त्वाचा प्रयोग त्याहून जुना आहे, आणि त्याची आठवण फारशी कोणी ठेवली नाही, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. 2001 मध्ये वृत्तांत प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात बोस्टन येथील वैद्यांनी हिमोफिलिया ‘ए’ च्या सहा रुग्णांच्या त्वचेचा लहानसा तुकडा घेतला; त्यातील पेशींना विजेचा क्षणिक धक्का देऊन त्यांच्या आवरणाला सूक्ष्म छिद्रे पाडली, आणि त्या वाटेने आठव्या घटकाचे जनुक आत सोडले. ज्या पेशींत ते नीट बसले तेवढ्या निवडून, वाढवून, पोटातील आतड्यांवरच्या मेदपडद्यात दुर्बिणीच्या साहाय्याने ठेवल्या. गंभीर अपाय कोणालाही झाला नाही, सहापैकी चौघांच्या रक्तात घटक पूर्वीपेक्षा वाढला, काहींचे रक्तस्रावही कमी झाले. परंतु हा परिणाम साधारण दहा महिन्यांच्या आत ओसरला. विषाणूवाचून हा उपचार होऊ शकतो हे या प्रयोगाने दाखविले. तो टिकवायचा कसा, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे.

आज त्या प्रश्नाला मुख्यतः दोन दिशांनी उत्तर शोधले जात आहे. पहिली दिशा अतिसूक्ष्म मेदकणांची: शिरेतून सोडलेले हे कण यकृतात स्वभावतःच ओढले जातात. त्यांत प्रथिन घडविण्याचा संदेश देणारा ‘एमआरएनए’ रेणू घातला, तर उंदरांच्या यकृतात नववा घटक तयार होतो, पण ही नेमणूक हंगामी, काही दिवसांत संपणारी. संदेशाऐवजी खुद्द डीएनए कणात घातला, तर पेशी त्याला परका समजून दाह उत्पन्न करते. हा दाह शमविणे हे सध्याच्या संशोधनातील कठीण काम आहे. दुसरी दिशा ‘ट्रान्सपोझॉन’ची, म्हणजे गुणसूत्रात स्वतः जाऊन बसणाऱ्या जनुकखंडांची. सामन जातीच्या माशांच्या जनुकसंचयात लाखो वर्षे निष्प्राण पडलेला असा एक खंड 1997 मध्ये पुन्हा कार्यक्षम करण्यात आला, आणि त्याच्या साहाय्याने बसवलेले जनुक पेशी दुणावली तरी तिच्याबरोबर पुढे जाते, म्हणून वाढत्या बालकाच्या दृष्टीने ही वाट मोलाची. मात्र तो नेमका कोठे जाऊन बसेल यावर पूर्ण ताबा नाही, आणि अस्थानी बसला तर अपाय संभवतो.

मेदकणांचा सर्वांत मोठा गुण असा, की मात्रा पुन्हा देता येते. 2025 मध्ये फिलाडेल्फियात यकृताच्या एका दुर्मीळ विकाराच्या तान्ह्या बालकाला जनुक-दुरुस्तीचे औषध मेदकणांतूनच, टप्प्याटप्प्याने तीन वेळा दिले गेले. तो विकार हिमोफिलिया नव्हता, पण वाट तीच. आणि ही विद्या आपल्यापासून फार दूरही नाही: पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या ‘एमआरएनए’ लशीला जून 2022 मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली, आणि ती साध्या शीतपेटीच्या 2 ते 8 अंश तापमानात टिकते. विषाणू मोठ्या प्रमाणावर वाढवून शुद्ध करण्याचा खर्च प्रचंड असतो. रसायनशाळेत जोडता येणाऱ्या कणांचा खर्च उतरू शकतो, आणि म्हणूनच सरकारने संशोधनाची तरतूद या दिशेने वाढवावी असे मला आग्रहाने वाटते.

तोवर करण्याजोगे काम हाताशी आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे, तेव्हा रुग्णाच्या पालकांनी त्या दाखल्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात अवश्य करावी. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेत वाहक स्त्रियांची जनुकीय तपासणी आणि गर्भावस्थेतील निदान होते. ज्या घरात एक रुग्ण आहे, त्या घरच्या बहिणींनी, मावश्यांनी आणि मामाच्या मुलींनी ती तपासणी सोयरीक ठरण्याआधी करून घ्यावी.