दातांच्या डॉक्टरकडे रडणारं लेकरू

रोहिणखेड घाटाखालचं गाव. इथून लेकराचे दात दाखवायचे तर मोताळा, मलकापूर, नाही तर घाट चढून बुलढाणा. एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून घरचे थांबतात. गाल सुजला, लेकरू रात्रभर कण्हलं, की मग निघतात. दवाखान्याची ती खुर्ची लेकराला पहिल्यांदा दिसते ती अशी, दुखणं कळसाला पोचल्यावर. ते तोंड मिटून घेतं, लाथा झाडतं, डॉक्टरच्या बोटाला चावतं. सगळे म्हणतात, ‘लय हट्टी आहे पोट्टं.’

हट्टी नाही, ते घाबरलेलं आहे. चार वर्षांच्या लेकराला भीती शब्दांत सांगता येत नाही, ती हातापायांतून बाहेर पडते. मुलांचे दंतवैद्य १९६२पासून फ्रँकल यांची चार पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात, साफ नकारापासून आनंदाने साथ देण्यापर्यंत. ती स्वभावाला नव्हे, त्या भेटीतल्या वागण्याला लावतात. आज पहिल्या पायरीवरचं लेकरू पुढच्या खेपेला तिसरीवर येऊ शकतं.

बरीचशी भीती आपणच घरी पेरलेली असते. ‘जेवला नाहीस तं डॉक्टर सुई टोचीन’, हे वर्षभर ऐकलेलं लेकरू डॉक्टरसमोर शांत कसं बसेल? याच्या उलटं, ‘काहीच दुखणार नाही’ हेही सांगू नये. एकदा टोचलं की आईचाही शब्द खोटा पडतो आणि पुढची भेट अवघड होते. ‘डॉक्टर तुझे दात पाहतील, मोजतील, मी जवळच आहे’, एवढं खरं आणि पुरेसं.

खुर्चीतलं काम कसं चालतं ते आईबापांनी नीट पाहावं. ‘सांगा, दाखवा, करा’ ही रीत १९५९मध्ये अ‍ॅडलस्टन यांनी मांडली आणि आजही तीच पाया आहे. डॉक्टर आधी छोटा आरसा लेकराच्या हातात देतात. मग दात घासायचा फिरता ब्रश त्याच्या नखावर हळूच फिरवतात, गुदगुल्या होतात, आवाजाची ओळख होते. त्यानंतरच तो दाताला लागतो. ‘डावा हात वर केलास की मी थांबतो’, असा करार होतो. हात वर झाला की डॉक्टर खरोखर थांबतात, आणि लेकराला कळतं की इथे आपलंही चालतं. माझ्या मते सगळ्या युक्त्यांत ही सर्वांत मोलाची. या वेळी एकट्या डॉक्टरांनीच बोलावं. आई, बाबा, आजी एकदम समजावू लागले तर लेकरू कुणाचंच ऐकत नाही.

‘दोघांनी धरा आणि उरका’ हा सल्ला आता जुना झाला. ओरडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबायची पद्धत एके काळी शिकवली जायची. अमेरिकेतल्या बालदंतवैद्यांच्या संघटनेने २००६मध्ये ती आपल्या मार्गदर्शनातून काढून टाकली. तातडीच्या प्रसंगी धरावं लागलंच, तर आईबापांना विचारून आणि तेवढ्यापुरतंच. नुसतं रडण्याला मात्र घाबरू नये. तोंड उघडं ठेवून रडणारं लेकरू साथच देत असतं.

‘दुधाचे दात, पडणारच आहेत’ हा समज सर्वांत महागात पडतो. दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. त्या किडून पू झाला, तर तो खालच्या पक्क्या दाताला बाधू शकतो. शिवाय सहाव्या वर्षी त्यांच्या मागे, एकही दात न पडता, पक्की दाढ येते. लोक तिलाही दुधाची समजून किडू देतात.

लवकर गेलं तर उपायही सोपे असतात. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे औषध किडीवर नुसतं लावतात, ना सुई ना यंत्र. किडलेला भाग काळा पडतो, पण कीड थांबू शकते. २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. फारच अवघड असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे.

२०१३मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्यांची एकदा तपासणी ठरलेली आहे, आणि दातांची कीड त्यात येते. पथकाने दवाखान्याची चिठ्ठी दिली तर ती दप्तरात पडू देऊ नका. दुखत नसतानाच, सकाळी, झोप झालेली असताना न्या. पहिल्या खेपेला नुसते दात मोजून परत आलात तरी फेरी वाया गेली नाही. आणि भुलीचं इंजेक्शन दिलं असेल, तर बधिरपणा उतरेपर्यंत दोन-तीन तास लेकराकडे लक्ष ठेवा. गंमत म्हणून ते स्वतःचाच ओठ चावत बसतं आणि रात्री तो सुजतो.