लाखेवर उमटलेलं गाणं

रडू नकोस गं बाई. तबकडी फुटली, एवढंच झालं. आधी चप्पल घाल आणि तुकडे मला वेचू दे. या तबकड्या अशाच नाजूक. तुझ्या आजीने माहेरून आणलेली एक थप्पीच होती, त्यातल्या निम्म्या माझ्या बदल्यांच्या सामानात गेल्या.

हा तुकडा हातात घे. फुटलेली कड बघ, पाटीच्या दगडासारखी करकरीत आहे ना? पाटीच्या दगडाची पूड असायचीच त्यात. आता मी तो चिमट्यात धरून कढत पाण्यात बुडवतो. वीस आकडे मोज. झाले? हे बघ, वाकला! मघाशी काचेसारखा फुटला, आता पापडाच्या लाटीसारखा लवतोय. वास घे. हा वास मी डोळे मिटूनही ओळखीन. नोकरीची सगळी वर्षं पोस्टात काढली मी, आणि रोज संध्याकाळी हाच वास अंगावर घेऊन घरी यायचो.

लाखेचा वास.

डाक निघायची वेळ झाली की थैलीचं तोंड सुतळीने आवळायचं, गाठ मारायची आणि मेणबत्तीवर लाखेची कांडी धरायची. कांडीचं टोक आधी चमकतं, मग त्याला थेंब लोंबतो. तो गाठीवर पाडायचा आणि वरून पितळी शिक्का दाबायचा. शिक्क्याला आधी पाण्याचं बोट लावून घ्यायचं, नाहीतर तो लाखेलाच धरून बसतो. घडीभरात लाख गार होते आणि शिक्क्यावरची अक्षरं तिच्यावर जशीच्या तशी उठतात. गरम असताना लोण्यासारखी, गार झाली की दगडासारखी; आणि मऊ असताना तिच्यावर जे दाबाल ते रेघन् रेघ लक्षात ठेवणारी. हा गुण ध्यानात ठेव. गोष्ट सगळी त्याच्यावरच आहे.

ही लाख झाडावर पिकते. मी गोंदियाकडे बदलीवर होतो तेव्हा पहिल्यांदा पाहिली. पळसाची एक फांदी होती, आणि तिच्याभोवती गूळ थापावा तसा तांबूस, खडबडीत थर. मला वाटलं डिंक असेल. शेतकऱ्याने कोयत्याने एक ढपली काढून हातावर ठेवली आणि म्हणाला, "साहेब, घरं आहेत ही." मी भिंग लावून पाहिलं. त्या ढपलीला बारीक बारीक भोकं होती आणि भोकांतून पांढरे, कापसाच्या तंतूसारखे केस बाहेर आले होते. प्रत्येक घरात एक जीव बसलेला होता.

तो जीव म्हणजे लाखेचा किडा. जन्मतो तेव्हा जेमतेम अर्धा मिलिमीटर, खसखशीच्या दाण्याहून लहान. रंग लालभडक. एका वेळी इतकी पिल्लं बाहेर पडतात की फांदीवर कुणी कुंकू सांडलंय आणि ते कुंकू चालतंय असं वाटतं. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांची कोवळी डहाळी सापडली की पिल्लू तिथे बसतं, सोंड सालीत खुपसतं आणि रस प्यायला लागतं. एकदा बसलं की बसलं. थोड्याच दिवसांत अंगातून चिकट राळ पाझरू लागते, हवा लागली की ती घट्ट होते, आणि पिल्लू स्वतःच्याच अंगातल्या राळेखाली झाकलं जातं. मग कात टाकताना त्याचे पायही जातात. पाय लागणार कशाला? जायचं कुठेच नाही. शेजाऱ्यांची घरं वाढता वाढता एकमेकांना भिडतात आणि फांदीभर एकच सलग चाळ तयार होते.

नर असतो तो मोठा झाला की बाहेर पडतो. काहींना पंखही फुटतात. पण खाण्यापिण्याचं तोंड उरलेलं नसतं, चार दिवसांचा पाहुणा तो. मादी मात्र जन्मभर त्याच कोठडीत. श्वासासाठी आणि मळ बाहेर टाकण्यासाठी तीन भोकं ती उघडी ठेवते. मी पाहिलेले पांढरे तंतू म्हणजे मेण होतं; भोकं राळेने बुजू नयेत म्हणून ती ते बाहेर सोडत राहते. तिच्या अंगातून गोड पाक गळतो, त्यासाठी मुंग्यांची रीघ लागते. शेवटी ती शेकडो अंडी घालते. जसजशी घालते तसतशी आक्रसत जाते आणि अंड्यांना आपल्याच घरात जागा करून देते. पिल्लं निघतात तेव्हा ती संपलेली असते, आणि लाल पिल्लं तिच्याच भोकातून बाहेर पडून नवी डहाळी शोधायला लागतात. मला त्या आईचं फार वाटतं. आजही वाटतं.

शेतकरी पिल्लं निघायच्या बेतात असलेल्या काड्या तोडून दुसऱ्या झाडाला बांधतात, त्याला बीजलाख म्हणायचं. बाकीची लाख खरवडून, कुटून, धुऊन, वितळवून तिचे पापुद्रे करतात. धुतलेल्या पाण्याला जो लाल रंग येतो, त्यातूनच पायाला लावायचा अळता व्हायचा. एक किलो लाखेला किडे लागतात काही लाख! लाख हा शब्द आणि लाख हा आकडा एकाच घरातले असंही काही जण म्हणतात. आणि दुर्योधनाने पांडवांसाठी वारणावताला जे घर बांधवून घेतलं, ते कशाचं? लाखेचंच. भराभर पेटते म्हणून.

आता तुझ्या तबकडीकडे येऊ. एमिल बर्लिनर नावाचा जर्मनीत जन्मलेला, अमेरिकेत स्थायिक झालेला माणूस. १८८७ साली त्याने ग्रामोफोनचं पेटंट घेतलं. सपाट चकतीवर आवाजाची नागमोडी रेघ कोरायची आणि सुईने ती पुन्हा वाचायची, ही त्याची युक्ती. पण चकती करायची कशाची? कडक रबर वापरून पाहिलं, पटलं नाही. मग लाखेकडे लक्ष गेलं. लाख, दगडाची पूड, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू असा काळा गोळा गरम करायचा, ठशांच्या दोन पत्र्यांमध्ये दाबायचा, गार करायचा. कळलं का? मी थैलीवर करायचो तेच! तिथे पितळी शिक्का, इथे गाण्याचा शिक्का.

ती रेघ तिरपा उजेड पाडून बघ. एकाच रेघेची वेटोळी आहेत सगळी. मिनिटाला ७८ फेऱ्या, एका बाजूला साधारण तीन मिनिटं, म्हणजे दोनशेच्या वर वेटोळी झाली. जुनी सिनेमाची गाणी साडेतीन मिनिटांच्या आत का संपतात, ते आता तुझं तूच सांग.

१९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जान नावाच्या गायिका अशाच तबकडीसाठी गायल्या. फ्रेड गेसबर्ग नावाचा साहेब यंत्रं घेऊन आला होता. गाणं संपताच बाईंनी इंग्रजीत आपलं नाव उच्चारलं, ते तबकडीत आजही ऐकू येतं. कारण मूळ ठसे जायचे जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना कळावं, ही बाई कोण. आणि जगाला लाख पुरवायचा तो मुख्यतः आपला देश. म्हणजे आवाज इथून गेला, लाखही इथलीच, आणि दोघांची गाठ पडून गाणं बोटीने परत घरी आलं.

सिनेमाही आधी लाखेच्या तबकडीच्याच तोंडून बोलला. १९२७ साली अमेरिकेत 'द जॅझ सिंगर' आला. त्याचा आवाज फिल्मवर नव्हता, १६ इंची तबकड्यांवर होता. एक रीळ, एक तबकडी, सुमारे अकरा मिनिटं. ऑपरेटरने सुई नेमकी खुणेवर ठेवायची आणि दोन्ही यंत्रं एकदम सुरू करायची. रीळ तुटून जोडताना चार चित्रं कमी झाली की ओठ पुढे आणि शब्द मागे. तबकडीवर वीस चौकोन छापलेले असत. दर खेळाला एक खूण करायची, वीस भरले की नवी तबकडी. इतक्यात रेघ झिजायची!

दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली तेव्हा अमेरिकेत लोकांकडून जुन्या तबकड्या परत घेऊन त्या कुटून नव्या केल्या. १९४८ मध्ये प्लास्टिकच्या, न फुटणाऱ्या तबकड्या आल्या आणि हळूहळू किड्याची ही नोकरी गेली. बाकीच्या नोकऱ्या आहेत अजून. लाकडाच्या पॉलिशला, जयपूरच्या बांगड्यांना, सावंतवाडीच्या गंजिफाच्या पत्त्यांना, तुझ्या चकचकीत गोळ्या-चॉकलेटला. काही औषधांच्या गोळ्यांवरही लाखेचाच थर असतो, कारण ती पोटातल्या आम्लात विरघळत नाही. पुढे आतड्यात गेल्यावर विरघळते.

पुरे आता, पाणी गार झालं. तो माझा जुना डबा आण. त्यात एक कांडी आहे खऱ्या लाखेची, बोटभर उरलेली. मामाला पत्र लिहिलंयस ना? ठेव पाकीट इथे. मेणबत्ती मी धरतो. थेंब पडू दे... अजून एक. आता रुपयाला पाण्याचं बोट लाव आणि दाब. सरळ. हलू नकोस.

उचल.

बघ, सिंहाच्या आयाळीचे केससुद्धा आले.